रंगाखालची मिशी

गेल्या चतुर्थीला मुलगा, सून आणि तेरा वर्षांचा नातू बंगळुरूहून पेडण्याच्या घरी आले. पाचव्या दिवशी गणपती पोचविले. पावसाने मात्र आपला मुक्काम हलविला नाही. अंगणात पाऊल टाकण्याची सोय उरली नव्हती. तेव्हा नातवाने आपल्या पिशवीतून एक जाडजूड संच काढून आमच्या हाती ठेवला. १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेत दाखविल्या गेलेल्या 'बॅटमॅन' या दूरचित्रवाणी मालिकेचे सगळेच्या सगळे, म्हणजे एकशे वीस भाग त्या तबकड्यांवर होते. आजोबा तरुणपणी परदेशात ही मालिका पाहत असत, असे त्याने आपल्या वडिलांकडून कधीतरी ऐकले होते. दररोज रात्री जेवणे आटोपल्यावर दोन भाग पाहावेत, असा बेत ठरला.

पहिल्याच आठवड्यात एका रात्री जोकर नावाचा खलपुरुष पडद्यावर आला. पांढराफटक चेहरा, हिरवे केस, कानापर्यंत ओढलेले लालभडक ओठ. नातवाने चित्र थांबविले, पडद्याला नाक लावून पाहिले आणि तो ओरडला, "आजोबा, ह्याला मिशी आहे! मिशीवरच रंग फासलाय!"

आमच्या सौ. हसल्या, सून हसली. आम्ही "हो, आहे खरी," एवढेच म्हणालो आणि पुढे लाव म्हणून सांगितले.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे भाग आहे. १२ जानेवारी १९६६ रोजी ती एबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली आणि १४ मार्च १९६८ रोजी संपली. पहिली दोन वर्षे ती आठवड्यातून दोनदा, बुधवारी व गुरुवारी, अर्धा अर्धा तास असे. बुधवारी नायकाला यमाच्या दारात नेऊन उभे करायचे आणि निवेदकाने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात प्रेक्षकांना उद्या याच वेळी याच ठिकाणी हजर राहण्यास सांगायचे, हा परिपाठ. हा निवेदक म्हणजे खुद्द मालिकेचे निर्माते विल्यम डोझियर. गॉथम शहरातला ब्रूस वेन नावाचा धनिक आणि त्याच्या छत्राखाली वाढणारा डिक हा मुलगा, ही मुख्य पात्रे. पोलीस कमिशनरांचा तांबडा टेलिफोन वाजला की हे दोघे खांबांवरून घसरत तळघरातल्या गुहेत उतरतात आणि पाय जमिनीला लागेपर्यंत त्यांचे पोशाख बदललेले असतात. कसे, ते विचारायचे नसते.

विचारायचे नसते अशा गोष्टी या मालिकेत पुष्कळ आहेत. दोघे दोरी धरून उंच इमारतीची भिंत चढतात. प्रत्यक्षात ती भिंत जमिनीवर आडवी मांडलेली असे, कॅमेराही आडवा केलेला असे, आणि पाठीवरची झूल खाली लोंबते आहे असे भासावे म्हणून तिला दोऱ्या बांधून मागे ओढलेले असे. चढता चढता एखादी खिडकी उघडते आणि कोणी नामांकित नट डोके बाहेर काढून चार शब्द बोलतो. मारामारी सुरू झाली की 'पॉव', 'झॉक' असली अक्षरे चित्रावरच उमटतात. पुढे खर्च वाचविण्यासाठी ती निराळ्या रंगीत पाट्यांवर दाखवू लागले. खलपुरुषांच्या अड्ड्यात शिरताच चित्र तिरके होते, कारण तिथली माणसे वाकड्या मार्गाची! अमेरिकेत या तऱ्हेला 'कँप' म्हणतात. सुसान सॉन्टॅग या विदुषींनी १९६४ साली या शब्दावर एक गाजलेला निबंध लिहिला होता. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. मुद्दाम केलेला, जाणूनबुजून वाढविलेला, आणि तरीही गंभीर मुद्रेने सादर केलेला भडकपणा, असे काहीसे म्हणता येईल. बडोद्याच्या चिं. वि. जोशींचा चिमणराव आपल्या फजितीची कहाणी जितक्या सरळ चेहऱ्याने सांगतो, तितक्याच सरळ चेहऱ्याने ॲडम वेस्ट हा नट बॅटमॅन उभा करतो.

आम्ही ही मालिका प्रथम पाहिली ती १९७३ साली, ओहायो राज्यातल्या एका लहानशा गावी. शिक्षणासाठी गेलो होतो. मूळ प्रसारण संपून पाच वर्षे लोटली होती. पण स्थानिक केंद्रे जुने भाग दुपारी पुन्हा पुन्हा दाखवीत. घरमालकीण नोकरीला जात असे, तिचा सात वर्षांचा मुलगा शाळेतून चार वाजता येई, आणि तिच्या येण्यापर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावे म्हणून आमच्या भाड्यात थोडी सूट होती. मुलगा कृष्णधवल संचासमोर मांडी ठोकून बसे आणि आम्ही मागे पुस्तक उघडून. पुस्तकाचे पान क्वचितच उलटले जाई.

आमचे पाहणे उपहासाचे होते, हे कबूल केले पाहिजे. परदेशात नव्याने गेलेल्या माणसाला यजमानांचे काही हास्यास्पद सापडले तर बरे वाटते. पुठ्ठ्याचे खडक पाहून आम्ही मनात खूश होत असू. एके दिवशी जोकरचे मोठे चित्र पडद्यावर आले आणि रंगाखालची मिशी आम्हाला स्पष्ट दिसली. सीझर रोमेरो हे हॉलिवूडचे जुने देखणे नट. त्या मिशीसाठीच ते ओळखले जात. जोकरच्या कामासाठी ती उतरवायला ते तयार झाले नाहीत, तेव्हा तिच्यावरच पांढरा लेप चढविला गेला. हे आम्हाला पुढे वाचून कळले. त्या दिवशी मात्र मोठा शोध लागल्याच्या आविर्भावात आम्ही त्या मुलाला म्हणालो, "बघ, तुझ्या जोकरला मिशी आहे."

त्याने मागे वळूनही पाहिले नाही. म्हणाला, "माहीत आहे. रोज दिसते. पण बॅटमॅनला ती दिसत नाही ना!"

या उत्तराने आम्ही जे गप्प झालो ते त्या दिवसापुरते नव्हे. पण ती हकीकत जरा पुढे.

आता या चतुर्थीच्या दिवसांविषयी. पहिले आश्चर्य रंगांचे. जो जोकर आम्ही पन्नास वर्षांपूर्वी करड्या छटांत पाहिला होता त्याचे केस हिरवे आहेत, हे प्रथमच डोळ्यांना दिसले. रिडलरचा तो हिरवा, अंगाला चिकटून बसलेला वेश, पेंग्विनची जांभळी टोपी! सौ. म्हणाल्या, एवढे रंग तर जत्रेतल्या फुगेवाल्याकडेही नसतात.

दुसरे आश्चर्य असे की पहिलीच कथा अजून ताजी आहे. लोरेन्झो सेम्पल यांनी लिहिलेल्या या जोडभागांत रिडलर बॅटमॅनवर खोट्या अटकेबद्दल दहा लाख डॉलरांचा दावा लावतो. तपासासाठी बॅटमॅन एका नृत्यगृहात जातो. रॉबिन अल्पवयीन म्हणून त्याला बाहेर मोटारीत बसवून ठेवतो. आणि आत जाऊन, मुखवटा, झूल, कमरपट्टा अशा थाटात, ताज्या संत्र्याचा रस मागतो. रसात गुंगीचे औषध असते. मग तो जे नाचतो त्याचे वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. नातू गडाबडा लोळला. पण याच कथेच्या उत्तरार्धात रिडलरच्या टोळीतली एक मुलगी गुहेतल्या अणुभट्टीत पडून मरते. बॅटमॅन तिला वाचवू पाहतो, ती घाबरून आणखी वर चढते आणि तोल जातो. क्षणभर खोलीत कोणी हसले नाही. ॲडम वेस्टचा चेहरा त्या क्षणी जसा होतो तसाच तो संत्र्याचा रस मागताना होता. हेच त्या नटाचे मर्म असावे. फ्रँक गॉर्शिन यांना रिडलरच्या याच कामासाठी एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले होते आणि ते योग्यच होते. हसता हसता एकदम थांबून जे ते रोखून पाहतात त्याने अजूनही दचकायला होते. पण त्यांच्यासमोर उभा असलेला तो ठोकळा जर एकदा जरी ओठ मुडपून हसला असता, तरी सारे चंबूगबाळे कोसळले असते.

आमचे सर्वांत आवडते प्रकरण मात्र पेंग्विनच्या निवडणुकीचे, नोव्हेंबर १९६६ चे. हा छत्रीधारी लबाड एकाएकी सज्जन होतो आणि महापौरपदाला उभा राहतो. बर्जेस मेरेडिथ हे रंगभूमीवर आणि चित्रपटांत मोठी कामे केलेले नट. भूमिकेसाठी सिगारेट ओढावी लागे, धूम्रपान तर त्यांनी केव्हाच सोडले होते. घशाला होणारा तो त्रास लपविण्यासाठी त्यांनी पेंग्विनचे ते 'क्वॅक क्वॅक' शोधून काढले, आणि तेच त्या पात्राचे चिन्ह झाले. तर पेंग्विनच्या सभांना वाजंत्री, नाच, टोप्या, झेंडे, गर्दी. त्याला थोपवावे म्हणून विद्यमान महापौर स्वतः मागे सरून बॅटमॅनला उभे करतात. बॅटमॅन ठरवितो की आपण केवळ प्रश्नांवर बोलायचे. परिणाम, सभेला माणूस जवळजवळ नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर तो गृहस्थ नगररचनेवर ज्या तळमळीने बोलत राहतो ते पाहून आम्ही पोटभर हसलो; मुलगा हसता हसता थांबला आणि म्हणाला, "बाबा, हे साठ वर्षांपूर्वीचे आहे?" बॅटमॅन शेवटी निवडून येतो आणि लगेच ते पद जुन्या महापौरांना परत करतो. गॉथम शहर काल्पनिक आहे, हे त्या ठिकाणी पटते.

मार्जारस्त्रीची पहिली कथाही विसरू नये. ज्यूली न्यूमार यांचे ते काम. शेवटी ती खोल दरीच्या काठाला लोंबकळत असते, हातात लुटीची पिशवी. बॅटमॅन म्हणतो, पिशवी टाक आणि हात दे. ती पिशवी टाकीत नाही. पुढे ती परत येतेच. मालिकेला तिची गरज होती. तिसऱ्या वर्षी हे काम अर्था किट यांच्याकडे गेले. याच किटबाईंनी जानेवारी १९६८ मध्ये व्हाइट हाउसच्या भोजनप्रसंगी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलून रोष ओढवून घेतला होता. पडद्यावर आणि बाहेर, दोन्हीकडे तीच धार.

१९६६ च्या उन्हाळ्यात याच मंडळींनी काढलेला चित्रपट आम्ही एका रात्री पाहिला. त्यात बॅटमॅन पेटलेला बाँब हातात घेऊन धक्क्यावर पळतो आहे आणि जिथे टाकावा तिथे कोणी ना कोणी आडवे येते : जोगिणी, बाबागाडी ढकलणारी बाई, वाजंत्रीवाले, प्रेमी युगुल, शेवटी बदकांची पिल्ले! वीज गेली म्हणून तो प्रसंग अर्ध्यावर राहिला आणि तासाभराने आली तेव्हा झोपायला कोणी गेलेले नव्हते.

सगळेच असे नाही. तिसरे वर्ष ओढूनताणून आणलेले वाटते. भाग आठवड्याला एकच, देखावे म्हणजे काळ्या पडद्यापुढे उभ्या केलेल्या दोन चौकटी. व्हिन्सेंट प्राइस यांच्यासारख्या नटाने अंड्यासारखे डोके लावून अंड्यावरचे श्लेष किती करावेत? तरीही त्याच वर्षीच्या एका भागात जोकर आणि बॅटमॅन समुद्रलाटांवर फळ्यांवरून स्वार होण्याची शर्यत लावतात, दोघेही संपूर्ण पोशाखावरून पोहण्याच्या चड्ड्या घालून. त्याबद्दल त्या वर्षाचे इतर अपराध आम्ही माफ केले.

आता ती राहिलेली हकीकत.

आमचे वडील पेडणे तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मास्तर होते आणि गावच्या हौशी दशावतारात स्त्रीभूमिका करीत. आमच्याकडच्या वाचकांना दहीकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की देवळाच्या प्रांगणात रात्रभर चालणारा हा खेळ. संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या रचायचे. हार्मोनियम, मृदंग, झांज. एक बाकडे, तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच स्मशान. देव आणि राजे ग्रांथिक मराठीत बोलणार, शंकासुर घरच्या बोलीत. वडिलांची तारामती गाजलेली होती. अडचण एकच : आजोबा हयात होते, आणि बाप जिवंत असता मिशी उतरवायची नाही हा तेव्हाचा दंडक. म्हणून वडील मिशीवर सफेद्याचा जाड थर देत. गॅसबत्तीच्या उजेडात मध्यरात्रीपर्यंत तो टिके. पहाटे रोहिदासाचे प्रेत मांडीवर घेऊन तारामती स्मशानात बसे तोवर घामाने आणि खऱ्याखुऱ्या आसवांनी थर वितळून मिशी वर आलेली असे. बाया पदर डोळ्यांना लावून रडत. मिशी कोणाला दिसत नसे.

१९६९ च्या जत्रेला आम्ही पणजीच्या महाविद्यालयातले चार मित्र घेऊन गेलो. पहाटे त्यांच्यातल्या एकाला ती मिशी दिसली. तो फुटला, दुसरा फुटला. आणि तो नट आपला कोणी लागतो हे कळू नये, किंवा कळले तरी आपण त्यातले नव्हे हे दिसावे म्हणून, आम्ही सर्वांत मोठ्याने हसलो. तारामतीने मान वर केली. एकदाच. मग पुन्हा खाली घालून पुढचे वाक्य म्हटले, आणि ते बिनचूक म्हटले.

सकाळी वडील मागल्या पडवीत खोबरेल तेलाने तोंड पुसत होते. मित्रांना पाहून म्हणाले, "चहा झाला का रे सगळ्यांचा?" याखेरीज त्या रात्रीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. पुढच्या जत्रेला त्यांनी हरिश्चंद्र घेतला. वय झाले, असे सगळ्यांना सांगितले. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते.

ओहायोतल्या त्या मुलाचे उत्तर ऐकले तेव्हा हे सारे चार वर्षे जुने होते. १९७५ साली आम्ही परत आलो. वडील त्यानंतर अकरा वर्षे होते. विषय काढायला अकरा वर्षे पुरेशी असतात. एकदा, बहुधा १९८० मध्ये, जत्रेत आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. तारामतीचे काम कोणी तरुण करीत होता. वडील बराच वेळ पाहून म्हणाले, "हल्लीची पोरे मिशी काढतात. रंग चांगला बसतो." आम्ही "होय" म्हणालो.

वडिलांच्या तारामतीला तो इंग्रजी शब्द लावता येणार नाही, हे आम्हाला समजते. डोझियर आणि सेम्पल यांना आपण काय विनोद करतो आहोत ते ठाऊक होते; वडिलांचा तो विनोद नव्हता. दोन्हींत साम्य आहे ते समोरच्या नटात. बॅटमॅनला जोकरची मिशी दिसत नाही म्हणून ओहायोतल्या मुलालाही ती दिसत असून दिसत नव्हती. ॲडम वेस्ट यांना या सरळ चेहऱ्याची किंमत मोजावी लागली. पुढे कित्येक वर्षे त्यांना दुसरी धड कामे मिळेनात, जत्रांत आणि मोटारींच्या प्रदर्शनांत तोच वेश घालून उभे राहावे लागे. ९ जून २०१७ रोजी ते वारले, आणि सहा दिवसांनी लॉस एंजेलिस शहराच्या सभागृहाच्या भिंतीवर वटवाघळाची प्रकाशाकृती उमटविण्यात आली.

जाण्याच्या आदल्या रात्री नातवाने आणखी एक गोष्ट दाखविली. १९९२ सालच्या बॅटमॅनच्या व्यंगपट मालिकेतला भाग. त्यात एक म्हातारा, विस्मृतीत गेलेला नट आहे. पूर्वी दूरचित्रवाणीवर तो 'करडे भूत' नावाचा वीर होत असे, आता भाडे देण्यासाठी जुन्या वस्तू विकतो. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून आपण ती मालिका पाहत होतो, हे बॅटमॅनला आठवते, आणि तो त्या म्हाताऱ्याला आपल्या गुहेत नेतो. त्या म्हाताऱ्याचा आवाज ॲडम वेस्ट यांचा.

तबकडी संपली. बाहेर पाऊस होताच. मग आम्ही नातवाला वर लिहिलेली सारी हकीकत सांगितली. त्याच्या वडिलांनीही ती प्रथमच ऐकली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "हरिश्चंद्र कोण करायचे? पणजोबा तारामती होते तेव्हा?"

"गावातलेच एक दुकानदार. भुसार मालाचे."

"त्यांना अगदी जवळून मिशी दिसत असेल ना?"

"नाही," आम्ही म्हणालो. "त्यांना कधीच दिसली नाही."

त्याने मान डोलावली आणि पेंग्विनच्या निवडणुकीची तबकडी पुन्हा एकदा लावली.